तोगानची दुसरी घोडी

खंडू, तू पळून गेलास. लोक म्हणतात वारलास, देवाघरी गेलास. वैभवनं तर आपल्या खेळाच्या ग्रुपवर ‘अनंतात विलीन’ असं लिहून खाली दिव्याचं चित्र टाकलं. मी म्हणते पळून गेलास. ज्याच्यावर सूड उगवायचा त्यानं समोर उभं राहायचं असतं, एवढी साधी रीत आहे. आपला रविवार ठरला होता. मी फासे पुसून डब्यात ठेवले होते, गच्चीवरची सतरंजी झटकून घेतली होती, आणि तू त्याआधीच एका डासाकडून स्वतःला मारून घेतलंस. दोन वर्षं पाठलाग मी केला आणि शिकार डासाची झाली.

वैभव म्हणाला, “मंजू, तू त्याच्या सगळ्यात जवळची. चार चांगले शब्द लिही, फोटोखाली लावू.” चांगले शब्द तुला पुष्कळ मिळालेत. कंपनीतल्या शोकसभेत तुझ्या साहेबांनी तुला मितभाषी म्हटलं. मितभाषी! घोड्याच्या उंचीवरून अख्खी दुपार वाद घालणारा माणूस मितभाषी असेल तर मग मी मुकीच आहे. तेव्हा चांगलं काही लिहिणार नाही. मी भांडण पुरं करायला बसलेय. या वेळी तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, हा माझा पहिला फायदा.

आठवतं, आपली ओळख कशी झाली? वाळूजच्या शिफ्टची बस. मी खिडकीशी बसून माझ्या कॅरेक्टरचा कागद भरत होते. चौकोनात आकडे, वर नाव, बाजूला बळ, बुद्धी, चपळाई. तू मागून वाकून पाहिलंस आणि विचारलंस, “ताई, पत्रिका बनवताय का कुणाची?” मी म्हटलं, “हो, पण माणूस अजून जन्मला नाही.” दुसरा कुणी असता तर मला वेडी समजून पुढच्या सीटवर गेला असता. तू म्हणालास, “मग मंगळ काढून टाका की आत्ताच.” तिथून मुकुंदवाडी येईपर्यंत मी तुला सगळा खेळ समजावला. प्रत्येकानं कागदावर एक माणूस घडवायचा, एकानं गोष्ट सांगायची, आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. फासा म्हणेल ते झालं. जिंकणं-हरणं काही नाही. माणूस जगवायचा, एवढंच. तू म्हणालास, “हे तर आमचं मेंढरं राखण्यासारखंच हाय.”

दुसऱ्याच रविवारी तू माझ्या गच्चीवर हजर. बरोबर पाचोडच्या बाजारातली शेव. नदीम गोष्ट सांगायचा, वैभव नेहमीप्रमाणं म्हातारा जादूगार, माझी तारी औषधं जाणणारी, आणि तुला काय व्हायचं ते तू आधीच ठरवून आला होतास. मोबाईलवर कुठंतरी मंगोल लोकांचा व्हिडिओ पाहिला होतास. लोकरीचे तंबू, मेंढरांचे कळप, तंबू गुंडाळून घोड्यावर टाकायचे आणि चालायला लागायचं. तू मोबाईल माझ्या नाकासमोर धरलास. “मंजूताई, हे आमचंच बिऱ्हाड हाय की! फकस्त थंडी जास्त.” तुझे आईवडील वर्षातले कितीतरी महिने मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे, आणि तू घोंगडीत वाढलास, हे मला त्या दिवशी कळलं.

तुझा तो घोडेस्वार तिरंदाज घडवायला आपल्याला किती रविवार लागले! नाव तोगान. नदीमनं मोठ्या हौसेनं एका काळ्याभोर, उंच, चकाकत्या घोड्याचं चित्र आणलं होतं. “देख, क्या शानदार जनावर है.” तू चित्र हातात घेऊन इकडून तिकडून पाहिलंस, बाजारात जनावर पाहतात तसं, आणि परत दिलंस. “हा वरातीचा हाय. ह्याला मेंढरांच्या वाटंनं चालवला तर परवा बसल. मला तट्टू पायजे. बुटकी, पोट सुटलेली घोडी.” नदीम म्हणाला, “अरे हीरो पेट निकली घोडी पे बैठता क्या?” तू म्हणालास, “हिरोला पोचायचं असल तर बसतो.”

धनुष्यावरून वेगळं भांडण. वैभवला लांब धनुष्य हवं होतं, पाच हात, दिसायला भारी. तू म्हणालास, घोड्याच्या मानेला अडकलं की वळता येत नाही, आखूडच पाहिजे. आणि तोगाननं पळता पळता मागं वळून बाण मारायचा, हे तुझं ठरलेलं. ते जमतं की नाही हे पाहायला तू खाली पार्किंगमध्ये तुझी मोटरसायकल डबल स्टँडवर लावलीस, वर बसलास, आणि माझा जळमटं काढायचा झाडू धनुष्यासारखा धरून कंबरेतून मागं वळलास. तेवढ्यात समोरच्या काकू दूध घेऊन आल्या. “काय झालं गं याला?” म्हणाल्या. मी म्हटलं, “मंगोल झालाय.” काकूंनी मान हलवली. “लवकर दाखवा कुणालातरी,” म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

तू नेहमी बरोबर होतास असं नाही हं. तोगानच्या कंबरेला गोफण पाहिजे म्हणून तू हट्ट धरला होतास. मंगोलांच्या हातात गोफण! आम्ही तिघं ओरडलो, नदीमनं साफ नाही म्हटलं, आणि तू रुसून सगळी कांदाभजी एकट्यानं खाल्लीस. पुढचे दोन रविवार तोगाननं एकाही लढाईत मदत केली नाही. ‘त्याचं डोकं दुखतंय’ म्हणायचास. असा तू मितभाषी.

आणि मग ती दुसरी घोडी. तिथंच सगळं बिनसलं.

मंगोल स्वार बरोबर जादा घोडी ठेवत, एक थकली की दुसरीवर बसत. म्हणून नदीमनं तुला दुसरी घोडी खुशीनं दिली. तू लगेच तिच्या पाठीवर एक पेटी बांधलीस आणि जाहीर केलंस की ही देवाची घोडी. हिच्यावर देव बसतो, माणूस नाही. तुमच्या घरी तशीच रीत होती. बिऱ्हाड हललं की देवाच्या टाकांची पेटी एका घोडीवर, आणि त्या घोडीवर कुणी पाय टाकायचा नाही. नदीमला ते इतकं आवडलं की त्यानं गोष्टीतल्या गावोगावच्या लोकांना त्या घोडीपुढं नारळ फोडायला लावलं. मलाही आवडलं होतं. खोटं कशाला बोलू? पाठीवर नुसती पेटी घेऊन चाललेली ती घोडी मला डोळ्यांसमोर दिसायची.

मग खिंडीतला तो रविवार आला. मागं लांडग्यांवर बसलेले स्वार, पुढं अरुंद वाट. माझ्या तारीच्या पोटात भाला घुसलेला. तिला आडवंच न्यावं लागणार, म्हणजे अख्खी घोडी पाहिजे; आणि तुझ्या घोडीवर तू आणि वैभवचा म्हातारा. नदीम म्हणाला, “खंडू, दूसरी घोडी तो खाली है ना?”

“खाली नाय. देव बसलाय.”

“देव को उतार ना भाई, थोडी देर. कायकू मरवा रा बिचारी को?”

“मग देव कुठं बसल?”

मी हसले आधी. मला वाटलं, ताणतोयस. मग तुझा चेहरा पाहिला. मी म्हटलं, “खंडू, वैभवच्या म्हाताऱ्याला उतरव, त्याच्या डोक्यावर दे पेटी. तो चालेल. पण मला घे.” त्यावर तू माझ्याकडं पाहिलंसही नाही. फासे गोळा करत राहिलास. “डोक्यावर नाय द्यायचा कुणाच्या,” म्हणालास. “तारीला म्या दोरीनं बांधून चालवतो संगं.” पोटात भाला घुसलेल्या बाईला दोरीनं बांधून चालवतो! मी फासा टाकला. तीन पडले. तारी खिंडीत मेली, आणि तुझी ती देवाची घोडी नुसती पेटी घेऊन निघून गेली.

लोक म्हणतील, कागदावरची बाई ती. असू दे. ती बाई मी घडवली होती. जे मला प्रत्यक्षात जमत नाही ते सगळं तिला येत होतं. न घाबरता बोलणं, अनोळखी गावात एकटीनं मुक्काम करणं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले, आणि बाहेर येऊन तुला सांगितलं, “तुझा तोगान मी मारणार. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. मीच मारणार.” मनाशी खूणगाठ बांधली आणि त्याच आठवड्यात नवा कागद भरला. तारीचा भाऊ, ओरस. त्याला ना खजिना पाहिजे, ना राज्य. त्याला फक्त तोगान पाहिजे.

त्या दिवसापासून तू मला ताई म्हणायचं सोडलंस. “काय दुश्मन, जेवलीस का?” कंपनीतून फोन यायचा. “दुश्मन, आज बसमधी जागा धरू का?” माझ्या वडिलांना ऑपरेशनला न्यायचं होतं तेव्हा आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. तू त्यांना पाठीवर घेऊन तिन्ही मजले उतरलास, खाली गाडीत बसवलंस आणि माझ्या कानात म्हणालास, “दुश्मन, ह्याचा फायदा तोगानला मिळणार नाय, माहीत हाय मला.” नाहीच मिळणार होता. मी त्या रात्री तुझ्यासाठी पुरणपोळ्या केल्या आणि पुढच्याच रविवारी ओरसनं तोगानच्या पाण्यात विष घातलं. तू फासा चांगला टाकलास म्हणून वाचलास.

आणि शेवटच्या रविवारी मी तुला गाठलं, खंडू. डोंगराच्या माथ्यावर. तुझी पोट सुटलेली घोडी माझ्या बाणानं कोसळली, तुझ्या मांडीत माझा दुसरा बाण, धनुष्य तुटलेलं, आणि ओरसची तलवार तुझ्या गळ्यावर. देवाची घोडी बाजूला गवत खात उभी. मी फासा उचलला आणि नदीमनं हात आडवा घातला. “बस. आगे का अगले इतवार.” मी त्याला शिव्या दिल्या. तू हसत उठलास. कठड्याला धरून, एक पाय ओढत जिना उतरलास. आम्हाला वाटलं, तोगानच्या मांडीतला बाण दाखवतोयस. आम्ही टाळ्या वाजवल्या. तुला ताप होता रे. तुझं अंग मोडून आलं होतं आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

आता माझा खरा राग ऐक. मी फोन केला होता तेव्हा तू म्हणालास, “जरा कणकण हाय, गोळी घेतलीय.” त्या अंगानं तू शिफ्टला गेलास. परत आलास. पुन्हा गेलास. मग डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली तेव्हा तू काय केलंस? मोटरसायकलला किक मारलीस आणि एकटा दवाखान्यात गेलास. जालना रोडच्या त्या ट्रॅफिकमधून, तसल्या तापात. गाडी नीट रांगेत लावलीस, स्टँडवर, हँडल लॉक करून. आणि आत केसपेपरच्या रांगेत कोसळलास. माझी चारचाकी दारात उभी होती, खंडू. चावी खिळ्याला. तुझ्या खोलीपासून माझं घर किती लांब आहे? हाक मारली असती तरी ऐकू आलं असतं. वडिलांना पाठीवर घेऊन उतरवणाऱ्याला एका फोनची लाज वाटली?

तुझी गाडी मीच आणली दवाखान्यातून. माझ्या पार्किंगमध्ये लावली, तिथंच, जिथं तू झाडू घेऊन मागं वळला होतास. आणि तिला लाथ मारली. अंगठ्याचं नख काळं पडलंय. त्याचाही हिशेब आहे तुझ्याकडं.

नदीम आणि वैभवनं मिळून तोगानचं काय करायचं ते ठरवून टाकलं. नदीम म्हणाला, “मंजू, तोगान को इज्जत से बिदा करते. वो पहाड पेच मर जाएगा, दुश्मन तलवार नीचे रख देगा, सब मिलके पत्थर रचेंगे उसके नाम के.” वैभवच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, “हात लावायचा नाही त्याला. माझा आहे तो. मी सांगेपर्यंत तसाच पडून राहील डोंगरावर.” वैभव म्हणाला, “अगं, माणूस गेला आता, अजून कसला राग?” मी म्हटलं, माणूस गेला म्हणूनच.

तेराव्याला तुझ्या गावी आले. नदीम बरोबर होता. आडूळ ओलांडलं, पाचोडला वळलो, आणि तुझ्या दारापुढच्या मांडवात बसलो. बायकांत गेले तर तुझी आई कोपऱ्यात बसलेली, चहाचा कप हातात तसाच. माझं नाव सांगितलं. त्यांनी वर पाहिलं. “तूच का ती दुश्मन?” म्हणाल्या.

मला हुंदका आला आणि त्याच्याबरोबर रागही आला. आईला सांगितलंस सगळं, मग तापाचंच कसं नाही सांगितलंस? मी तिथंच, तेराव्याच्या मांडवात, तुझी तक्रार केली. “मावशी, तुमच्या पोरानं माझ्या बाईला मरू दिलं. खेळात. घोडी रिकामी होती, पण देवाची म्हणून बसवलं नाही.” मला वाटलं होतं त्यांना काही कळणार नाही. त्यांनी कप खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावून हसल्या. आसपासच्या बायका बघायला लागल्या.

“त्यानं नाय बसवलं? आन् त्यालाच बसवला व्हता की म्या तिच्यावर.”

“कुणाला?”

“खंडूला. एवढासा व्हता. बिऱ्हाड लांब रानात, ह्याचे वडील मेंढरांमागं, आन् पोरगं तापानं फणफणलेलं. हाती दुसरं जनावर नाय. म्या देवाची पेटी उतरवली, देवाला म्हणलं माफ कर, आन् ह्याला बसवला.”

खंडू! ऐकतोयस ना? मला त्या क्षणी तुला धरून हलवावंसं वाटलं. माझी तारी तू ज्या नियमापायी मारलीस, तो नियम तुझ्यासाठी मोडलेला होता. तू स्वतः बसला होतास त्या घोडीवर. बसून, वाचून, मोठा होऊन, माझ्या गच्चीवर येऊन मला सांगत होतास की देव बसलाय, जागा नाही! दोन वर्षं मी हा वाद हरत आले, आणि तो जिंकायचं हत्यार तुझ्या आईच्या पदरात होतं. ते हातात आलं तेव्हा तू नाहीस. याहून मोठी फसवणूक कुणी कुणाची केली नसेल.

“मग देव कोपला का, मावशी?” मी विचारलं. कोपला असता तर बरं, असं मनात होतं.

“देव कशाला कोपल? देवाला काय पोरं नायत?” त्या म्हणाल्या. “पण हे कार्टं लई रडलं. तापात बरळायचं, आई, मग देव कुठं बसल? म्या म्हणलं, माझ्या डोस्क्यावर बसलाय बघ. पेटी डोस्क्यावर घेतली, पायातली चप्पल काढली. देव डोस्क्यावर असताना चप्पल घालत्यात व्हय? चैताचं ऊन, मुरमाड वाट, पाचोडच्या डाक्टरपोतर तशीच आले. तळव्यांचं कातडं निघालं. बरं झाल्यावर हे रोज माझ्या पायांना तूप लावायचं. एवढुसं पोरगं. म्हणायचं, आई, आता त्या घोडीवर म्या कुणालाच बसू देणार नाय.”

त्यांनी पाय पदराखाली ओढून घेतले. माझं भांडण तिथं अर्ध्यावर पडून राहिलं.

परतताना नदीम गाडी चालवत होता. आडूळच्या पुढं मी त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली, खाली उतरले आणि शेताकडं तोंड करून ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही, तुझ्या फोटोखाली लागणार आहे हे. म्हणजे देवाबिवाचं काही नव्हतंच. तुला भाजलेले पाय दिसत होते. कुणाला बसवलं की दुसऱ्या कुणाला तरी चालावं लागतं, हे तुझ्या डोक्यात जे बसलं ते बसलं. म्हणून तारीला जागा नाही. म्हणून मला फोन नाही. तू एकटा किक मारून निघालास, कारण तुला न्यायला कुणी आलं असतं तर त्याचे पाय भाजले असते. अरे, चारचाकीला कसले पाय, मूर्खा? एसी होता तिच्यात!

एवढं कळल्यावर माणसाचा राग उतरायला हवा. माझा वाढला. तुझ्या आईला एकदा तरी विचारलंस का, की ते पाय भाजल्याचं तिला दुःख आहे का? त्या हसत होत्या, खंडू. तेराव्याच्या मांडवात त्यांना हसू आलं ते तेवढ्याच आठवणीनं. पोराला घोडीवर बसवून डॉक्टरपर्यंत नेलं आणि पोरगं वाचलं, याच्यावर त्या आजपर्यंत मिजाशीत जगल्या होत्या. तशी मिजास मला करू दिली असतीस तर तुझं काय बिघडलं असतं? मलाही सांगता आलं असतं की खंडूला मी नेला. काय मोठा ताप होता, पण मी वेळेत पोचवला. ते तू माझ्याकडून हिसकावून घेतलंस. तारी गेली त्याचा सूड एकपट होता, याचा दुप्पट.

परवा रविवारी बसलो आम्ही. वैभवनं तुझी जागा मोकळी ठेवली होती, मी तिथं शेवेची पिशवी ठेवली. नदीमनं घसा साफ केला आणि डोंगर पुन्हा उभा केला. वारा, गवत, मेलेली घोडी, मांडीत बाण घेऊन पडलेला तोगान. “ओरस की तलवार उसके गले पे है,” तो म्हणाला. “बोल मंजू. क्या करता ओरस?”

मी म्हटलं, “तलवार म्यान करतो.”

वैभवनं सुटकेचा श्वास सोडला. “माफ केलंस ना?”

“माफ? मेल्यावर पण सुटायला बघतोय तो. इथं नाही सुटणार. इथं मरायचं नाही त्याला.” मग नदीमला सांगितलं, “ओरस देवाच्या घोडीजवळ जातो. पेटीच्या दोऱ्या सोडतो. पेटी उतरवतो.”

नदीमनं मान वर केली. तोही होता तेराव्याच्या मांडवात. बायकांमधलं बोलणं त्याला मी गाडीत सांगितलं होतं.

“तोगान चिल्ला रा,” तो हळूच म्हणाला. “बोल रा, हात मत लगा. बोल रा, देव किधर बैठेगा?”

“चिल्लाने दे. ओरस त्याला काखेत हात घालून उचलतो आणि त्या घोडीवर बसवतो. उतरायला बघेल, तर तारीला बांधणार होता ना, त्याच दोरीनं त्याला बांधतो.”

“फासा टाकावा लागेल,” वैभव म्हणाला. “तोगानचं बळ जास्त आहे.”

मी टाकला. काय पडलं ते मी पाहिलं नाही. वैभवनं पाहिलं, आणि फासा उचलून मुठीत धरला. “बसला,” म्हणाला. “बसला घोडीवर.”

“आणि देव?” नदीमनं विचारलं.

“ओरसच्या डोक्यावर.”

“पैर में क्या है उसके?”

मी सतरंजीवरून उठले. गच्चीच्या दाराशी काढून ठेवलेल्या माझ्या चपला आत घरात ठेवून आले. दुपारची गच्ची तापली होती, मी तिथंच उभी राहिले.

“काही नाही,” मी म्हटलं. “अनवाणी चालतोय.”

खंडू, हा माझा सूड. दर रविवारी मी तुला नेणार आहे त्या घोडीवरून, गावामागून गाव, डॉक्टरमागून डॉक्टर. तू वर बसून रडायचंस, बरळायचंस, उतरव म्हणायचंस, आणि मी उतरवणार नाही. तुझ्या आईला फोन करून सांगितलंय. म्हणाल्या, “बरं केलंस, दुश्मन. दोरी घट्ट बांध, लई उड्या मारतं ते.” बांधलीय. आता खाली बघू नकोस. पाय माझे आहेत, मी बघून घेईन.